खेळण्यांची तपासणी होते, पण कशाची?

दर काही महिन्यांनी एखादा व्हिडिओ फिरायला लागतो. कुणाची तरी आई किंवा बाबा हातात बाहुली घेऊन कॅमेऱ्यासमोर, बघा हे काय विकतायत आपल्या पोरांना, आणि मग ती बाहुली उलटी करून दाखवतात, बटण दाबून दाखवतात, कुणी पाण्यात बुडवून दाखवतं. खाली निम्मे लोक संतापलेले आणि उरलेले म्हणतात की घाण तुमच्या डोक्यात आहे, पोरांना यातलं काही कळत नाही. दोन दिवस जोरदार भांडण, मग कंपनीचं एक गुळगुळीत पत्रक, मग सगळं शांत. मला या दोन्ही बाजूंचा आता कंटाळा आलाय. पालकांचा राग खोटा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही, राग खराच आहे, पण तो बऱ्याचदा भलत्याच खेळण्यावर निघतो आणि ज्याच्यावर निघायला पाहिजे ते शेल्फवर निवांत बसून राहतं. ते कसं ते जरा सविस्तर सांगते.

२०२० च्या ऑगस्टमधलं प्रकरण घ्या. हॅस्ब्रो कंपनीची पॉपी नावाची गाणारी बाहुली होती. तिच्या पोटावर एक बटण होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण दुसरं बटण खाली, दोन पायांच्या मधे, स्कर्टच्या आत, आणि ते दाबलं की बाहुली दचकल्यासारखा, खिदळल्यासारखा आवाज काढायची. कंपनी म्हणाली की बाहुली खाली बसवली की तिने आवाज करावा म्हणून ते बटण तिथे दिलं होतं. मला हे खरं वाटतं. कुणी मुद्दाम कट करून हे बनवलं असेल असं नाही, इंजिनिअरने बघितलं की बसल्यावर दाब कुठे येतो, बटण तिथे टाकलं, काम झालं. पण अख्ख्या कंपनीत, डिझाइनपासून पॅकिंगपर्यंत, एकाही माणसाच्या मनात आलं नाही की लहान मुलीला आपण हे काय शिकवतोय, की त्या जागी हात लावला की समोरचा हसतो आणि मजा येते? आई-बाप जीव तोडून पोरांना शिकवत असतात की तिथे कुणी हात लावला तर ओरडायचं, लगेच येऊन सांगायचं. त्याच्या बरोब्बर उलटा धडा बॅटरीवर चालणारा. लोकांनी प्रचंड संख्येने सह्या केल्या, हॅस्ब्रोने बाहुली मागे घेतली, आणि बरंच झालं.

पण त्याच वर्षी अमेरिकेत वेफेअर नावाच्या फर्निचर कंपनीबद्दल अफवा पसरली होती की महागड्या कपाटांच्या नावाखाली ते लहान मुलं विकतात. धादांत खोटं, तरी लाखो लोकांनी पुढे ढकललं. त्या वातावरणात बाहुलीच्या बटणाची साधी, योग्य तक्रारसुद्धा बघता बघता "सगळ्या कंपन्या मिळून आपल्या मुलांना तयार करतायत" या गोष्टीत ओढली गेली. आणि असं झालं की कंपनीचं फावतं हो, कारण मग तिला बटणाचं उत्तर द्यायलाच लागत नाही, ती म्हणते हे बघा, वेड्यांचा बाजार आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते. २००२ मधे मॅटेलने मिज नावाची बाहुली आणली, बार्बीची जुनी मैत्रीण. ही गरोदर होती. पोट चुंबकाने चिकटवलेलं, काढलं की आत एवढंसं बाळ. नवरा होता, मोठा मुलगा होता, दोघं वेगळ्या खोक्यात मिळायचे, पण नवरा शेजारी दिसेना म्हणून लोक भडकले, म्हणाले ही तर कुमारी मातांना प्रोत्साहन देणारी बाहुली. वॉलमार्टने ती शेल्फवरून काढून टाकली. पुढे बर्हुआन नावाच्या स्पॅनिश कंपनीची अंगावर पिणारी बाहुली अमेरिकेत आली, मुलीने फुलांचं एक छोटं बंडीसारखं घालायचं आणि बाहुलीचं तोंड त्या फुलाशी नेलं की ती चुटुचुटु दूध प्यायचा आवाज करायची. त्यावरही ओरडा, की हे लहान मुलींसाठी अश्लील आहे.

घरात बाळ आलं की तीन वर्षांची ताई आपल्या बाहुलीला फ्रॉकवरूनच छातीशी धरून बसते, आईकडे बघत बघत, अगदी आईसारखीच मांडी घालून. त्यासाठी कुठल्या कंपनीची गरज पडत नाही. ते दृश्य बघून कुणाला अश्लील वाटत असेल तर प्रश्न खेळण्याचा नाहीच. म्हणजे बघा, पोट असलेली बाई चालत नाही, दूध पिणारं बाळ चालत नाही, पण हिल्स घातलेली, ओठ फुगवलेली, अर्धमिटल्या डोळ्यांनी बघणारी बाहुली त्याच दुकानात त्याच वेळी खपत होती आणि तिच्याबद्दल वॉलमार्टला कुणी जाब विचारला नाही. शरीर जे काम करतं ते दाखवलं की घाण, आणि शरीर नुसतं बघण्यासाठी मांडलं की फॅशन. हा हिशोब मला कळत नाही.

तर मग लैंगिकीकरण म्हणजे नक्की काय म्हणायचं? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २००७ मधे मुलींच्या लैंगिकीकरणावर एक मोठा अहवाल काढला होता, त्यातली मांडणी मला उपयोगी वाटते. साध्या भाषेत सांगायचं तर चार खुणा. माणसाची किंमत फक्त तो किती मादक दिसतो यावर ठरवली जाते, किंवा सुंदर दिसणं म्हणजे मादक दिसणंच असं धरलं जातं, किंवा माणसाला दुसऱ्याच्या वापराची वस्तू केलं जातं, किंवा जिचं ते वयच नाही तिच्यावर हे सगळं लादलं जातं. यातली एक जरी असली तरी पुरे, आणि मुलांच्या बाबतीत ती चौथी खूण सगळ्यात महत्त्वाची. यात उघडं अंग किती इंच, हा मुद्दाच नाही. नागडं बाहुलं, शी-शूची जागा असलेलं, आंघोळ घालायला दिलेलं, यातल्या एकाही खुणेत बसत नाही. आणि पूर्ण कपड्यातली बाहुली चारही खुणांत बसू शकते. २००१ मधे आलेल्या ब्रॅट्झ बाहुल्यांचं नाव त्या अहवालात घेतलं गेलं ते याचसाठी, त्यांचा मेकअप, त्यांच्या जाळीच्या मोज्यांसकट एकूण थाट, आणि हे सगळं चार ते आठ वर्षांच्या मुलींना विकलं जात होतं म्हणून.

हे सगळं आजकालचं, इंटरनेटमुळे आलेलं असं कुणी म्हणलं तर त्याने बार्बीचा जन्म बघावा. पन्नाशीच्या दशकात जर्मनीत बिल्ड वर्तमानपत्रात लिली नावाचं एक व्यंगचित्र यायचं, पैसेवाल्या पुरुषांच्या मागे असणारी चटपटीत तरुणी, आणि १९५५ पासून तिची बाहुली निघाली ती प्रौढ पुरुषांसाठी, तंबाखूच्या दुकानात, बारमधे मिळणारी, गंमत म्हणून एकमेकांना द्यायची. मॅटेलच्या एक संस्थापक रूथ हँडलर यांनी युरोपच्या सहलीत ही बाहुली बघितली, विकत घेतली, आणि ९ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात बार्बी आली. पुढे १९६४ मधे मॅटेलने लिलीचे हक्कच विकत घेऊन टाकले. पहिली बार्बी जवळून बघितली तर लिलीच्या खुणा सापडतात. पावलं टाचा उचललेली, साच्यातच तशी घडवलेली, त्यामुळे उंच टाचांच्या चपलेशिवाय दुसरं काही पायात जातच नाही आणि आधाराशिवाय ती उभी राहत नाही. आणि डोळे. डोळे समोर बघत नाहीत, खाली वळवून बाजूला बघतात, म्हणजे कुणीतरी आपल्याकडे बघतंय हे माहीत असलेल्या बाईचे डोळे. सरळ समोर बघणारी बार्बी यायला १९७१ साल उजाडलं. बारा वर्षं लागली बाहुलीला मान वर करून बघायला!

आणि आयांना हे तेव्हा कळलं नव्हतं असं समजू नका. बाहुली बाजारात यायच्या आधी मॅटेलने अर्न्स्ट डिक्टर या त्या काळच्या नावाजलेल्या जाहिरात-मानसशास्त्रज्ञाकडून पाहणी करून घेतली होती. मुलींना बाहुली आवडली, आयांना आवडली नाही, आयांना ती फारच मादक वाटली. मग यावर उपाय काय, तर बाहुली बदलायची नाही, आयांना पटवायचं, की ही बाहुली तुमच्या मुलीला नीटनेटकं राहायला शिकवेल. आणि ते चाललं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची ही युक्ती आजही तशीच चालते, फक्त नीटनेटकेपणाच्या जागी आता आत्मविश्वास हा शब्द आलाय. मुलगी लिपस्टिक लावते, आत्मविश्वास वाढतो. मुलगी कॅटवॉक करते, आत्मविश्वास वाढतो. बरं, झाडावर चढून वाढत नाही का?

मधल्या काळातले नमुने तर विचारू नका. १९६५ च्या स्लंबर पार्टी बार्बीबरोबर एक वजनकाटा यायचा, तो कायम ११० पौंडांवर, म्हणजे पन्नास किलोवर अडकलेला, आणि वजन कसं कमी करावं याचं एक चिमुकलं पुस्तक, ज्याच्या मागच्या बाजूला सल्ला एकच, खाऊ नका. १९७५ मधे बार्बीची लहान बहीण स्किपर हिची 'ग्रोइंग अप' म्हणजे वयात येणारी बाहुली आली, तिचा हात फिरवला की ती थोडी उंच व्हायची आणि छाती वाढायची. वयात येण्याबद्दल मुलींशी बोलायला पाहिजे, त्यासाठी खेळणं असेल तर मी विरोध करणार नाही, पण हात पिळला की स्तन येतात आणि उलटा पिळला की जातात, यात बोलण्यासारखं काय आहे? पाळी नाही, पुरळ नाही, लाज नाही, चिडचिड नाही. फक्त बाहेरून जे दिसतं तेवढंच.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. पोरांना काही कळत नाही. बरोबर आहे, नाही कळत. सहा वर्षांच्या मुलीला ब्रॅट्झमधे सेक्स दिसत नाही, तिला चकाकी दिसते, मोठी ताई दिसते. आणि मुलं खेळण्याचं काय वाट्टेल ते करतात हेही खरं, बार्बीला ट्रकखाली चिरडतात, तिचे केस कापून तिला डाकू बनवतात, तिचं ऑपरेशन करतात. मी हे सगळं मान्य करते. पण न कळणं म्हणजे न शिकणं नव्हे. भाषेचं व्याकरण तरी कुठे कळत असतं, तरी मूल बरोबर बोलतंच ना. मूल शिकतं ते खेळणं त्याला काय करायला लावतं त्यातून. खोक्यात काय आहे ते बघा, आरसा, कंगवा, पर्स, सहा जोड चपला, आणि हात असे घडवलेले की त्यात काही धरता येत नाही. मग खेळ काय होणार, तर तयार व्हायचं, परत तयार व्हायचं, आणि कुणीतरी बघणार याची वाट बघायची.

यावर थोडंफार संशोधन झालंय, फार नाही पण आहे. २००६ मधे ब्रिटनमधे पाच ते आठ वर्षांच्या १६२ मुलींवर प्रयोग झाला, काहींना बार्बीची चित्रं असलेलं पुस्तक दाखवलं, काहींना भरलेल्या अंगाच्या बाहुलीचं, काहींना बाहुली नसलेलं. बार्बी बघितलेल्या लहान मुलींना स्वतःचं शरीर कमी आवडायला लागलं, आणखी बारीक व्हावंसं वाटलं, सगळ्यात मोठ्या मुलींमधे मात्र तो परिणाम लगेच दिसला नाही. म्हणजे ज्यांना काही कळत नाही असं आपण म्हणतो त्याच वयावर जास्त परिणाम. २०१२ मधे अमेरिकेत सहा ते नऊ वर्षांच्या साठ मुलींना दोन कागदी बाहुल्या दाखवल्या, एक तंग तोकड्या कपड्यातली, एक फॅशनेबल पण सैल कपड्यातली, आणि विचारलं तुला कुणासारखं दिसायला आवडेल, जास्त लोकप्रिय कोण असेल. बहुतेकींनी पहिलीकडे बोट दाखवलं. त्यात एक गोष्ट मात्र आपल्यासाठी दिलासा देणारी निघाली, ज्या आया टीव्ही-सिनेमा बघताना मुलींशी त्याबद्दल बोलत होत्या त्यांच्या मुली त्या बाहुलीकडे कमी वळल्या. साठ मुलींवरून जगाचा निष्कर्ष काढू नये हे मलाही कळतं, पण "काहीच फरक पडत नाही" म्हणणाऱ्यांकडे तर एवढंही नाही.

मुलांचं, म्हणजे मुलग्यांचं वेगळं नाही. १९९९ मधे संशोधकांनी जीआय जो या सैनिकाच्या बाहुल्यांचे दंड मोजले, साठच्या दशकापासून नव्वदीपर्यंत ते फुगतच गेले होते, शेवटच्या मॉडेलचा दंड खऱ्या माणसाच्या मापात आणला तर २७ इंचाच्या आसपास. त्यावर कुणी सह्यांची मोहीम काढली नाही.

मला खरा राग येतो तो तपासणीच्या पद्धतीचा. खेळणं बाजारात येण्याआधी किती चाचण्या होतात बघा. ३१.७ मिलिमीटर व्यासाचं, आतून तिरकं कापलेलं एक छोटं नळकांडं असतं, तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग त्यात पूर्ण मावला तर खेळणं नापास, कारण तो भाग घशात अडकू शकतो. शिसं तपासतात, प्लास्टिक मऊ करायची रसायनं तपासतात, धारदार कडा, पेट घेतं का, डोळा ओढून निघतो का, सगळं. ही मापं काय आकाशातून पडली नाहीत, मुलं दगावल्यावर लोकांनी मागणी केली म्हणून आली. पण बटण कुठे आहे, ते दाबल्यावर काय होतं, बाहुली थंड पाण्यात टाकली की अंगावर अंतर्वस्त्रं उमटतात का (हे एल.ओ.एल. सरप्राइज बाहुल्यांचं, तेही २०२० चंच), खोक्यावर छापलेला वेबसाइटचा पत्ता कुठे जातो, हे बघायची जबाबदारी कुणाचीच नाही. त्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरमधे मॅटेलने एका सिनेमावर काढलेल्या बाहुल्यांच्या खोक्यावर चक्क पॉर्न साइटचा पत्ता छापून गेला, सिनेमाच्या साइटच्या जवळपास सारखा होता म्हणून. कंपनीने माफी मागितली आणि पालकांना सांगितलं की खोकं फेकून द्या किंवा पत्ता झाका. एका माणसाने तो पत्ता एकदा टाइप करून बघितला असता तर दहा सेकंदाचं काम होतं.

आणि आता तर खेळणी बोलतात. २०२५ च्या नोव्हेंबरमधे अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहक संघटनेने खेळण्यांवरच्या वार्षिक अहवालात कुम्मा नावाच्या टेडीची गोष्ट छापली. फोलोटॉय कंपनीचं अस्वल, आत ओपनएआयचं, म्हणजे चॅटजीपीटीवाल्या कंपनीचं, गप्पा मारणारं मॉडेल, स्कार्फ घातलेलं गोड ध्यान. तपासणाऱ्यांनी बराच वेळ गप्पा मारल्यावर ते अस्वल काडेपेटीतली काडी कशी पेटवायची ते सांगायला लागलं आणि लैंगिक विषय निघाल्यावर नुसतं उत्तर देऊन थांबलं नाही तर स्वतःहून नवनवे तपशील पुढे आणत गेलं. ओपनएआयने कंपनीचा वापर बंद केला, कंपनीने विक्री थांबवली आणि थोड्याच दिवसात सुरक्षा तपासली म्हणत परत सुरू केली. हे अस्वल घशात अडकायच्या चाचणीत आरामात पास झालं असतं. बाहुलीचा स्कर्ट आखूड आहे की नाही यावर आपण भांडत बसलोय आणि इकडे हे, दार बंद असताना मुलाशी एकटं बोलणारं, आणि आई खोलीत आली की काय बोललं होतं ते कुणाला कळणार नाही असं.

काही ठिकाणी हालचाल आहे. स्पेनमधे खेळणी उद्योगाने सरकारबरोबर जाहिरातींची आचारसंहिता केली, १ डिसेंबर २०२२ पासून लागू, त्यात मुलींना लैंगिक पद्धतीने दाखवायला मनाई आहे. युरोपियन युनियनने २०२५ मधे मंजूर केलेल्या नव्या नियमांत डिजिटल खेळण्यांचा मुलांच्या मानसिक आरोग्यावरचा धोकाही उत्पादकाने आधी तपासायचा आहे, लागू व्हायला अजून काही वर्षं जातील पण निदान लिहिलं तरी गेलं. मला वाटतं हाच रस्ता बरोबर. बंदीची मागणी मला भीतीदायक वाटते, कारण बंदीचा अधिकार ज्याच्या हातात जाईल तो पहिल्यांदा मिजच उचलेल, दूध पिणारं बाळ उचलेल, शी-शूची जागा असलेलं बाहुलं उचलेल. त्यापेक्षा कंपनीने लिहून द्यावं, हे खेळणं कुठल्या वयासाठी, त्याने मूल काय करणार, अंगाच्या कुठल्या भागाला हात लावला की काय होतं, ते बोलत असेल तर काय काय बोलू शकतं आणि कुणी किती तास तपासलं. आणि दुकानांनीही. २००६ मधे टेस्कोच्या वेबसाइटवर पोल डान्सिंगचं किट खेळण्यांच्या विभागात विकायला होतं, बरोबर खोट्या नोटा. मोठ्या माणसांनी ते विकत घेऊन घरात काय करायचं ते करावं, माझी ना नाही, पण खेळण्यांच्या यादीत ते कुणीतरी टाकलं होतं, आपोआप उडून बसलं नव्हतं.

तक्रार करताना "संस्कृती बुडाली" असं लिहिलं की ती कचऱ्यात जाते. मॉडेलचं नाव, खोक्यावरचं वय, कुठलं बटण, कुठला आवाज, किती वेळ बोलल्यावर काय बोललं, असं लिहा, म्हणजे त्यांना बटणाबद्दलच उत्तर द्यावं लागतं.

घरात आधीच आलेल्या खेळण्यांचं काय, हे मला नेहमी विचारतात. मावशीने वाढदिवसाला प्रेमाने दिलेली बाहुली, पोरगी तिला कुशीत घेऊन झोपते, आणि आई-बाबांना ती बघवत नाही. हिसकावून घेऊ नका. तिच्या नजरेत ती वाईट नाही आणि अचानक गायब झाली तर तिला एवढंच कळेल की अंगाबद्दल काहीतरी भयंकर आहे जे घरात बोलत नाहीत. तिला सपाट चपला शिवून द्या, सायकल द्या, दुसरी बाहुली आजारी पाडा म्हणजे हिला डॉक्टर व्हावं लागेल. चाळीस खेळण्यांत एक नटवी असली तर बिघडत नाही, चाळीसच्या चाळीस तशा असल्या तर बिघडतं. बोलणाऱ्या अस्वलाच्या बाबतीत मात्र मी एवढी उदार नाही. त्याचं वायफाय काढून टाका. मूल दोन दिवस रडेल आणि तिसऱ्या दिवशी अस्वलाचं बोलणं स्वतःच करायला लागेल, दोन्ही आवाजात.